मोबाइलवर दर्शन झालं, पण यात्रा झाली का?



परवा चौथीच्या वर्गात मी विचारलं, "घरबसल्या देवाचं दर्शन झालं, तर यात्रा झाली का?" अर्धा वर्ग 'हो' म्हणाला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमची आजी आधी पायी गडावर जायची. आता गुडघे दुखतात, म्हणून मोबाइलवर आरती बघते. डोक्यावर पदर घेऊन बसते. मध्येच जाहिरात लागली की हात जोडूनच थांबते."

उदाहरण आपल्या खानदेशातलंच घेऊ. संत मुक्ताईंची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी जाते. वाट सुमारे महिनाभराची. २०२० मध्ये कोरोनामुळे पायी वारी झाली नाही. मुक्ताईंच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसोबत एसटीने गेल्या. १ जुलैच्या आषाढी एकादशीची महापूजा लोकांनी टीव्ही आणि मोबाइलवर पाहिली. त्याच वर्षी चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे धुळे-जळगावचे भाविकही घरीच थांबले होते.

मग आम्ही फळ्यावर दोन रकाने केले.

मोबाइलवर काय मिळतं? मूर्तीचं दर्शन, आरती, दर्शन पासची नोंदणी. आजारी, अपंग, परदेशात राहणारी माणसं यांची यामुळे मोठी सोय झाली.

प्रत्यक्ष गेल्यावरच काय मिळतं? पायाचे फोड, अनोळखी माणसाने दिलेलं पाणी, परक्या गावातला मुक्काम, एका पंगतीतलं जेवण. नारळ, फुलं, प्रसाद विकणाऱ्यांचं पोटही येणाऱ्या माणसांवरच चालतं, हे मुलांनीच सांगितलं.

म्हणजे पडद्यावर देव दिसतो, पण वाट आणि वाटेतली माणसं भेटत नाहीत. मुलं माणसांत मिसळायला शिकतात ती वाटेवरच. म्हणून आजीला मोबाइल जरूर द्या, पण चालत्या पायांच्या मुलांना शक्य तेव्हा सोबत न्या.

पालकांसाठी एक सूचना : देणगीची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आली की लगेच पैसे पाठवू नका. देवस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

गृहपाठ : घरातल्या आजी-आजोबांना त्यांच्या पहिल्या पायी यात्रेबद्दल विचारा आणि पाच वाक्ये लिहून आणा.