डुकरांवरील साथ : ती कशी पसरते व कशी आवरावी

सन २०२२ मध्ये सातारा व सांगली जिल्ह्यांत गुरांवर लंपीची साथ आली, ती वाचकांच्या स्मरणात असेलच. जनावरांचे बाजार बंद झाले व गावोगाव लस टोचण्यात आली. लंपी माश्या, डास व गोचिडी यांच्या योगे पसरतो. परंतु डुकरांवरील साथ दूरच्या गावी बहुधा मनुष्यच वाहून नेतो. म्हणून डुकरे पाळणाऱ्या बंधुभगिनींनी हा पाठ लक्षपूर्वक वाचावा.

डुकरांस दोन निरनिराळ्या विषाणूंपासून ताप येतो. पहिला साधा स्वाइन फीवर. त्यावर लस आहे, ती वेळेवर टोचून घ्यावी. दुसरा आफ्रिकन स्वाइन फीवर. त्यावर औषध नाही व आपल्या देशात लसही नाही. ह्याचे वर्णन प्रथम केनियात १९२१ साली झाले. २००७ साली तो जॉर्जियात, २०१८ साली चीनमध्ये व २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आला. जॉर्जियात तो जहाजावरील उष्ट्या अन्नातून उतरला असावा, असे जाणते म्हणतात.

लक्षणे अशी : भारी ताप येतो, खाणे सुटते, कान व पोट तांबडे-निळे पडते आणि बहुतेक डुकरे काही दिवसांतच मरतात. मनुष्यास हा रोग होत नाही. परंतु त्याचे जोडे, कपडे, गाडी व खरकटे यांबरोबर विषाणू प्रवास करतो. मांसात तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो.

यास्तव मांसाचे खरकटे डुकरांस घालूच नये. इतर खरकटे निदान एक तास ढवळीत उकळावे. नवे जनावर काही आठवडे वेगळे बांधावे. डुकरे मोकाट सोडू नयेत, कारण उसात शिरणाऱ्या रानडुकरांसही हा रोग जडतो. मेलेले डुक्कर ओढ्यात न टाकता चुना घालून खोल पुरावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्हांस प्राप्त आहे. डुक्कर आजारी पडले की, ते मरण्यापूर्वी विकून चार पैसे पदरात पाडावे, असे गरिबाच्या मनात येते. त्याची अडचण आम्ही जाणतो. मुलांच्या शाळेचा खर्च त्याच डुकरांवर भागत असतो. परंतु ते चार पैसे शेजारगावच्या दहा घरांचे नुकसान करून मिळालेले असतात. सन २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा रोगाची वर्दी ग्रामपंचायतीस देणे मालकाचे कर्तव्य आहे. तेथून ती पशुवैद्यांकडे जाते. आफ्रिकन रोग ठरल्यास एक किलोमीटरच्या आतील डुकरे मारली जातात व दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. मारलेल्या डुकरांची भरपाई सरकार देते. लपवून ठेवलेली व आपोआप मेलेली डुकरे मात्र मालकाच्या पदरी शून्य टाकून जातात.

उपदेशकांनी हा पाठ वस्तीवर वाचून दाखवावा, व शेवटी एवढेच विचारावे : आपल्या दारी रोग आला, तर तो दारीच थांबेल, की आपल्याच हातांनी पुढे जाईल?