बोलणारी कवटी

मुलांनो, आधी एक छोटा प्रयोग करा. दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली काहीतरी हलते ना? तो तुमच्या खालच्या जबड्याचा सांधा आहे. माणसाच्या कवटीत 22 हाडे असतात. (मराठीत कवटी म्हणजे आपल्या उर्दूतील खोपडी. जबडा मात्र दोन्ही भाषांत जबडाच!) कानातली अगदी बारीक हाडे यात धरलेली नाहीत. या 22 हाडांपैकी मोठ्या माणसात हलणारे हाड एकच, ते म्हणजे खालचा जबडा.

हे एक हाड हलवता आले की कवटी बोलते आहे असे वाटू लागते. अमेरिकेतील हौशी लोक ऑक्टोबर महिन्यात घरच्या घरी हेच करतात.

31 ऑक्टोबरच्या रात्री तेथे 'हॅलोवीन' साजरा होतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे 1 नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस असतो. या रात्रीच्या अनेक चालीरीती आयर्लंडमधून आलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नेल्या. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत सलगमची जागा भोपळ्याने घेतली. मुले भुताखेतांचे पोशाख घालून दारोदार फिरतात आणि गोळ्या-चॉकलेट मागतात. घरोघरी दारात भीतिदायक सजावट केलेली असते. त्या सजावटीत बोलणाऱ्या कवटीचा मान मोठा!

आता तुम्ही विचाराल, ही कवटी आणतात कोठून? ती प्लॅस्टिकची असते. डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी प्लॅस्टिकचे सांगाडे तयार करतात. त्यांत ज्यांत थोडा दोष राहतो, ते स्वस्तात विकले जातात. सजावटीला तेच पुरतात. पण पूर्वी शिकवण्यासाठी खरे सांगाडे वापरत, आणि जगातील वैद्यकीय महाविद्यालयांना ते फार मोठ्या प्रमाणात आपल्या देशातून, कलकत्त्याहून जात. ते बहुतेक गरिबांचे आणि बेवारस माणसांचे असत. 1985 साली भारत सरकारने या निर्यातीवर बंदी घातली. मय्यतीला आपण किती अदबीने न्हाऊ घालतो, कफन देतो, खांदा देतो! त्या माणसांना यातले काही मिळाले नाही. म्हणून प्लॅस्टिकची कवटी मला नकली वाटत नाही. मला ती खऱ्या कवटीपेक्षा बरी वाटते.

चला, आता कवटीच्या आत पाहू. जबडा हलवण्यासाठी 'सर्व्हो' नावाची छोटी मोटार लागते. पंख्याची मोटार गरगर फिरतच राहते. सर्व्होचे तसे नाही. तिला जेवढे वळायला सांगावे, तेवढी ती वळते आणि तेथेच थांबते. खेळण्यातील विमानांचे पंख आणि शेपटी हलवण्यासाठीही हीच मोटार वापरतात. तिला हुकूम कसा देतात? विजेच्या छोट्या ठोक्यांनी. दर सेकंदाला सुमारे 50 ठोके तिच्याकडे जातात. ठोका सेकंदाचा एक हजारांश भाग टिकला, तर मोटारीचा हात एका टोकाला जातो. दोन हजारांश टिकला, तर दुसऱ्या टोकाला जातो. दीड असेल, तर हात मधोमध थांबतो.

मोटार कवटीच्या पोकळीत घट्ट बसवतात. तिच्या हाताला एक जाड तार लावून ती जबड्याला जोडतात. अशा कवटीचा जबडा मुळात दोन स्प्रिंगांनी अडकवलेला असतो. त्या फार ताठ असतील, तर मोटारीची सगळी शक्ती त्यांना ओढण्यातच जाते. म्हणून त्या काढून हलक्या स्प्रिंगा लावतात. जबडा फार उघडू देत नाहीत. मोठा आ वासलेली कवटी पाहून भीती वाटत नाही, हसू येते! विजेसाठी दीड व्होल्टचे चार सेल पुरतात. तुमच्यापैकी कोणाला करून पाहायचे असेल, तर सेलच वापरा. घरातल्या विजेच्या बटणाजवळ जाऊ नका.

आता खरी गंमत ऐका. कवटीला शब्द कळत नाहीत. आवाज किती मोठा आहे, एवढेच तिच्यातील यंत्र मोजते. आवाज मोठा झाला की जबडा जास्त उघडतो, लहान झाला की मिटतो. एवढ्याशा युक्तीने बोलल्याचा भास कसा होतो? हनुवटीखाली हात ठेवून 'पाणी आणा' असे म्हणा. 'पा' आणि 'णा' म्हणताना हनुवटी खाली जाते आणि तेव्हाच आवाज मोठा होतो. मोठा आवाज आणि उघडे तोंड ही जोडी बहुतेक वेळा बरोबर असते.

बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. 'ई' म्हणा. तोंड फारसे उघडत नाही. पण 'ई' मोठ्याने ओरडलात, तर कवटी 'आ' म्हटल्यासारखी तोंड उघडते. 'म' म्हणताना आपले ओठ मिटतात, पण आवाज चालूच असतो, म्हणून तिचा जबडा थोडा उघडा राहतो. माणसाच्या चेहऱ्याचा पुतळा असता, तर ही चूक लगेच ओळखू आली असती. कवटीला मात्र ओठच नाहीत. तिने 'म' कसा म्हणावा, हे कोणी कधी पाहिलेले नाही! पाहणाऱ्याचे डोळे ती चूक माफ करतात. यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव हा बोलका बाहुला पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी घरोघरी पोहोचवला. त्याचेही तोंड फक्त उघडते आणि मिटते. तरी तो बोलतो, हे आपण मानतोच ना?

नवशिक्यांची एक फजिती ठरलेली असते. ते बोलण्याबरोबर ढगांचा गडगडाट आणि संगीतही वाजवतात. मग कवटी ढगांबरोबरही जबडा आपटू लागते. तिला काय माहीत, कोणता आवाज आपला आणि कोणता ढगाचा! यावर उपाय असा. ध्वनिमुद्रणाचे दोन भाग करतात. एका भागात ढग, संगीत, बोलणे सगळे असते. तो स्पीकरमधून ऐकू येतो. दुसऱ्या भागात फक्त बोलणे असते. तो कोणाला ऐकू येत नाही, सरळ मोटारीच्या यंत्राकडे जातो. मोटारीला वळायला क्षणभर वेळ लागतो. म्हणून हा न ऐकू येणारा भाग किंचित आधी सुरू करतात. मग शब्द आणि जबडा बरोबर जुळतात.

काही जण आणखी तीन मोटारी लावतात. मग कवटी मान डोलावते, तिरपी करते, वळून पाहते. मला मात्र एका मोटारीची कवटीच जास्त आवडते. अंधारात ती नुसती पडलेली असते. मूल जवळ येते, तेव्हा दाराआड बसलेला माणूस बटण दाबतो. "आलास का? तुझीच वाट पाहत होते!" मूल किंचाळून दोन पावले मागे सरते. मग थोड्या वेळाने परत येते, वाकते आणि कवटीच्या खाली तार शोधू लागते.

स्वाध्याय

1. कवटीचा जबडा ढगांच्या आवाजाबरोबर का हलू लागतो?
2. सर्व्हो मोटार आणि पंख्याची मोटार यांत कोणता फरक आहे?
3. कवटीला ओठ नसल्यामुळे कोणती चूक लपते?
4. हनुवटीखाली हात ठेवून स्वतःचे नाव म्हणा. तोंड कोणत्या अक्षराला सर्वांत जास्त उघडले, ते मराठीत लिहा.