घरगुती कंडिशनर : प्रमाणाचा एक पाठ

केस धुतल्यावर लावून तसाच ठेवायचा कंडिशनर आता अनेक घरी तयार होऊ लागला आहे. त्यातील मुख्य द्रव्य किती घ्यावे, हा प्रश्न माजी विद्यार्थिनी आणि पालक आम्हांला वरचेवर विचारतात. त्याचे उत्तर आम्ही येथे पाठाच्या रूपाने देत आहोत.

तेल आणि पाणी एकजीव करणाऱ्या द्रव्यास पायसकारी म्हणतात. कंडिशनरमधील पायसकारी धनप्रभारित असते. रोजच्या विंचरण्याने, उन्हाने व रंगाने झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋणप्रभार अधिक असतो. म्हणून हे द्रव्य तेथेच चिकटते, घर्षण घटते आणि गुंता सुटतो. मात्र पृष्ठभाग एकदा व्यापला की जादा द्रव्याने मऊपणा वाढत नाही. धुऊन टाकायच्या कंडिशनरमधील जादा भाग पाण्याबरोबर जातो; येथे तो केसांवरच साचतो, आणि केस चिकट व निस्तेज दिसतात.

बाजारात हे द्रव्य बीटीएमएस-२५ व बीटीएमएस-५० या नावांनी मिळते. त्यांत बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट हा सक्रिय घटक अनुक्रमे सुमारे २५ व ५० टक्के असतो. उरलेला भाग मुख्यतः घट्टपणा देणारे मेदाम्ल-अल्कोहोल असते. म्हणजे पहिल्याच्या २ ग्रॅममध्ये जेवढा सक्रिय घटक, तेवढाच दुसऱ्याच्या १ ग्रॅममध्ये. पाकिटावरील अंक न पाहता एकाची कृती दुसऱ्यास लावली, तर प्रमाण दुप्पट किंवा निम्मे होते.

आरंभासाठी १०० ग्रॅमचे प्रमाण असे : ऊर्ध्वपातित पाणी ९३, बीटीएमएस-२५ २, तेल २, ग्लिसरीन २ आणि फेनॉक्सिइथेनॉलयुक्त परिरक्षक १ ग्रॅम. चमच्याने न मोजता काट्यावर तोलावे. पाणी व ग्लिसरीन एका भांड्यात, तेल व पायसकारी दुसऱ्यात, दोन्ही ७० ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकत्र घुसळावे. मिश्रण ४० अंशांखाली आल्यावर परिरक्षक मिसळावे. सामू ४ ते ५ असावा. पाणी असलेले मिश्रण परिरक्षकाविना ठेवल्यास त्यात जंतू वाढतात. लिंबू वा सुगंधी तेल त्याची जागा घेऊ शकत नाही.

बारीक, सरळ केसांस २ टक्के बहुधा पुरतात. जाड, कुरळ्या किंवा रंगवलेल्या केसांसाठी ३, मग ४ टक्के करून पाहावे. जेवढे द्रव्य वाढेल तेवढे पाणी कमी करावे. एका वेळी एकच घटक बदलावा आणि वहीत नोंद ठेवावी. तेल वाढवल्यास पायसकारीही वाढवावे लागते. म्हणून तेल बेताचेच बरे.

लेप टाळूस न लावता केसांच्या लांबीस व टोकांस लावावा, डोळ्यांपासून दूर ठेवावा. प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून २४ तास वाट पाहावी. वास, रंग बदलला वा बुरशी दिसली, तर सर्व फेकून द्यावे. विक्रीसाठी उत्पादन करावयाचे असल्यास सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये परवाना आवश्यक आहे, हे बचतगटांतील भगिनींनी विशेष ध्यानी घ्यावे.

थोडक्यापासून आरंभ करावा, केसांनी मागितले तरच वाढवावे. एवढे पाळले तरी हा पाठ साधला, असे आम्ही समजतो.