जहाजाचा उंबरठा

घराला उंबरठा असतो, तसा तो जहाजालाही असतो. फरक एवढाच की घराचा उंबरठा मानाचा, तर जहाजाचा गरजेचा. लाटेचे पाणी डेकवर चढले तर ते आत शिरू नये, म्हणून दारांना आणि झडपांना पोलादी उंच पट्टी बसवलेली असते. १९६६ च्या आंतरराष्ट्रीय भाररेषा कराराने अशा पट्ट्यांची किमान उंची ठरवून दिली असून काही ठिकाणी ती ६०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन फूट आहे. धडधाकट माणूस पाय उचलून पलीकडे जातो. व्हीलचेअरवरील माणसाची वाट मात्र तेथेच संपते. या पट्टीच्या निमित्ताने सुरक्षितता, व्यापार आणि माणसाचा हक्क यांचे जे भांडण जगात चालले आहे, त्याचा थोडा अभ्यास प्रस्तुत लेखात करण्याचा विचार आहे.

हा विषय आपल्याला परका नाही. सहलीच्या मोठ्या जहाजांवर, ज्यांना सर्वजण क्रूझ म्हणतात, गोव्यातील व कोकणातील अनेक तरुण खलाशी, स्वयंपाकी, वेटर म्हणून काम करतात. माझा मामेभाऊही त्यांपैकीच एक. तो सुट्टीवर आला असता जहाजाच्या गोष्टी सांगत होता. त्या ऐकून माझ्याबरोबर शिकणाऱ्या व व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मित्राने विचारले, "पैसे भरून मी त्या जहाजावर जाऊ शकेन, पण पैसे मिळवायला जाऊ शकेन का?" या प्रश्नाचे दोन भाग आहेत व दोहोंची उत्तरे निरनिराळी आहेत.

प्रवाशाचा हक्क

अमेरिकेत २६ जुलै १९९० रोजी अपंग नागरिकांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला. दुकाने, हॉटेले, नाट्यगृहे अशा सार्वजनिक जागी अपंगांना भेदभावाने वागवू नये, असे त्याचे तिसरे प्रकरण सांगते. परंतु क्रूझ कंपन्यांची बहुतेक जहाजे बहामा, पनामा अशा देशांत नोंदवलेली असतात. जहाज ज्या देशाचा झेंडा लावते, त्या देशाचा कायदा जहाजावर चालतो, हा समुद्रावरील जुना दंडक. मग अमेरिकेच्या बंदरातून अमेरिकन प्रवासी घेऊन निघणाऱ्या, पण बहामाचा झेंडा लावलेल्या जहाजावर अमेरिकन कायदा चालेल काय?

'स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाईन' हा खटला याच प्रश्नावर उभा राहिला. १९९८ व १९९९ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन बंदरातून प्रवास केलेल्या काही अपंग प्रवाशांची तक्रार अशी होती की, सोयीच्या केबिनसाठी जादा पैसे मागितले गेले, जहाजाच्या अनेक भागांत जाता आले नाही आणि संकटकाळी बाहेर पडण्याची साधने त्यांना पोहोचता येणार नाही अशा ठिकाणी होती. खालच्या अपील न्यायालयाने परदेशी झेंड्याच्या जहाजाला हा कायदा लागू नाही असे ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने ६ जून २००५ रोजी ते मत फिरविले.

न्यायमूर्तींत एकमत नव्हते, परंतु न्या. अँथनी केनेडी यांनी लिहिलेल्या निकालाचा सारांश असा: अमेरिकेच्या पाण्यात असताना परदेशी जहाजालाही हा कायदा लागू होतो. मात्र एखादा बदल केल्याने समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भंग होत असेल, किंवा जहाजाची सुरक्षितता धोक्यात येत असेल, तर तो बदल करण्याचे बंधन कंपनीवर नाही. म्हणजे न्यायालयाने पोलादी पट्टी सरसकट कापून टाका असे सांगितले नाही. जेथे पट्टीची गरज आहे तेथे ती राहू द्या. पण 'सुरक्षितता' हा शब्द पुढे करून जादा पैसे घेऊ नका, असाच त्या निकालाचा रोख दिसतो.

पुढे जुलै २०१५ मध्ये कार्निव्हल या मोठ्या कंपनीने अमेरिकन न्यायखात्याशी तडजोड केली. तीनुसार कंपनीने ५५,००० डॉलर दंड व ३,५०,००० डॉलर भरपाई देण्याचे आणि जहाजांवरील किमान ३ टक्के केबिन अपंगांना वापरण्याजोग्या करण्याचे मान्य केले. युरोपात १८ डिसेंबर २०१२ पासून सागरी प्रवाशांच्या हक्कांचा नियम लागू आहे. केवळ अपंगत्वामुळे तिकीट नाकारता येत नाही; नाकारायचे तर सुरक्षितता किंवा जहाजाची व बंदराची रचना यांतील कारण दाखवावे लागते.

तरीही अडचणी उरतातच. ज्या बंदरात पाणी उथळ असते तेथे मोठे जहाज दूर नांगर टाकते व प्रवाशांना लहान होडीने किनाऱ्यावर नेतात. हलत्या होडीत व्हीलचेअर, त्यातही बॅटरीवर चालणारी जड खुर्ची उतरविणे नेहमीच शक्य होत नाही. तेव्हा गाव डोळ्यांसमोर दिसत असूनही प्रवाशाला डेकवरच बसून राहावे लागते.

कामगाराचा हक्क

प्रवाशासाठी दार थोडे तरी उघडले; कामगारासाठी काय? अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये असा निर्णय दिला होता की, परदेशी झेंड्याच्या जहाजावरील परदेशी कामगारांना अमेरिकेचा कामगार-संबंध कायदा लागू नाही. कारण मालक व खलाशी यांचे संबंध ही जहाजाची अंतर्गत बाब होय. २००५ च्या निकालानेही हा फरक मोडला नाही. परिणामी एकाच जहाजावर ग्राहकाला जे संरक्षण मिळते, ते त्याला जेवण वाढणाऱ्याला मिळेलच असे नाही.

खलाशाला मुख्यतः दोन आंतरराष्ट्रीय करार लागू होतात. एक, १९७८ चा खलाशांच्या प्रशिक्षणाचा करार. दुसरा, २००६ चा सागरी कामगार करार, जो २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला व ज्याला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. या दुसऱ्या करारात जहाजावर कोणतेही काम करणारा माणूस हा खलाशीच धरला जातो. त्यामुळे हॉटेल विभागातील नोकरालाही वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. पहिल्या कराराच्या मार्गदर्शक भागात शारीरिक क्षमतांचा तक्ता आहे. उभी शिडी चढणे, जलरोधक दारे उघडणे आणि ६०० मिलिमीटरची पट्टी ओलांडणे ही त्यात आहेत. आपला उंबरठा येथे पुन्हा भेटतो. पण यावेळी लोखंडाचा नव्हे, कागदाचा!

याला केवळ दुष्टपणा म्हणणे अन्यायाचे होईल. आग लागली किंवा जहाज कलंडले तर लिफ्ट वापरता येत नाही. अशा वेळी वेटर वेटर राहत नाही. प्रवाशांना जिन्याने होडीपर्यंत नेणे हे त्याचे काम ठरते. ज्याने दुसऱ्याला वाचवायचे त्याला स्वतः चालता आले पाहिजे, या म्हणण्यात तथ्य आहे.

परंतु हेच करार आणखीही काही सांगतात. वैद्यकीय निकष ठरविताना जहाजावरील निरनिराळ्या कामांत फरक करता येतो. प्रमाणपत्र नाकारले, किंवा कामाच्या स्वरूपावर मर्यादा घातली, तर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरकडून पुन्हा तपासणी करून घेण्याचा हक्क उमेदवाराला आहे. म्हणजे 'हा माणूस योग्य की अयोग्य' एवढाच प्रश्न नाही. 'कोणत्या कामासाठी योग्य' हाही प्रश्न विचारता येतो. बहिरा बल्लव, एका हाताचा हिशेबनीस, व्हीलचेअरवरील तिकीट-कारकून हे सर्व एकाच मापाने मोजणे शास्त्रीयही नाही आणि न्यायाचेही नाही.

अडथळा माणसात की रचनेत?

याचे एक बोलके उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. ज्युबिली सेलिंग ट्रस्ट या संस्थेने 'लॉर्ड नेल्सन' हे शिडाचे जहाज बांधले; १९८६ मध्ये त्याचा पहिला प्रवास झाला. रुंद सपाट डेक, मजल्यांमध्ये खुर्चीसाठी लिफ्ट, अंधांसाठी बोलणारे होकायंत्र अशी त्याची रचना होती. अपंग व धडधाकट माणसे मिळून ते चालवीत. जहाजाला दिलेले नावही समर्पक होते. नौसेनापती नेल्सनने १७९४ मध्ये एका डोळ्याची दृष्टी व १७९७ मध्ये उजवा हात गमावला होता. ट्राफल्गारची लढाई त्याने त्यानंतर, १८०५ मध्ये लढविली.

अर्थात त्या जहाजावर जाणारी माणसे पगारी नव्हती. ती स्वतः पैसे भरून जात. पुढे २०१९ मध्ये जहाज निवृत्त झाले व २०२३ च्या अखेरीस संस्थाही आर्थिक अडचणीत बुडाली. तरी एक गोष्ट सिद्ध होऊन गेली: रचना बदलली की क्षमतेची व्याख्याही बदलते.

आपल्यापुरते

आपल्या देशात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मानली असून सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. सार्वजनिक जागा सुगम करण्याचे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले. परदेशी झेंड्याच्या जहाजावर हे आरक्षण पोहोचत नाही. पण क्रूझचा धंदा केवळ समुद्रावर चालत नाही. आरक्षण-कार्यालये, हिशेब, बंदरावरील स्वागतकक्ष ही कामे जमिनीवरच होतात, आणि तेथे ना लाट येते, ना पोलादी पट्टी लागते. तेथेही व्हीलचेअरवरील माणूस दिसत नसेल, तर त्याचे कारण समुद्रावर ढकलता येणार नाही.

म्हणून मित्राच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: शिडीवर चढण्याच्या कामासाठी आज नाही, परंतु हिशेबाच्या टेबलासाठी 'नाही' म्हणणाऱ्याने कारण लेखी द्यावे, आणि आपण ते तपासून पाहावे. पाणी अडविण्यासाठी जो उंबरठा आहे त्याला नमस्कार असो. माणूस अडविण्यासाठी जो आहे, तो कोणी व का बसवला हे विचारण्याचे काम शिकलेल्या माणसाचे आहे.