खोकल्याचं औषध रस्त्यावरही हवं

दिवाळी झाली की पुण्यातल्या दवाखान्यांत ठरावीक तक्रारी वाढतात. रात्री उसळणारा कोरडा खोकला, जिना चढताना लागणारा दम, लहान मुलांच्या छातीतली घरघर. ‘धुळीची ॲलर्जी आहे, काहीतरी चांगलं औषध द्या,’ असं पालक सांगतात. औषध आम्ही देतोच, आणि मूल बरंही होतं. पण तेच मूल रोज सकाळी दुचाकीवर पुढे उभं राहून, सिग्नलला बसच्या धुराशेजारी थांबत शाळेत जात असेल, तर काही दिवसांनी पुन्हा दवाखान्यात येतं. म्हणून आजचा सल्ला दोन भागांत देत आहे: घरी काय करायचं आणि शहरासाठी काय मागायचं.

धूर शरीरात काय करतो?

वाहनांच्या धुरातले 2.5 मायक्रॉनहून लहान कण नाकातल्या केसांना आणि घशातल्या कफाला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यामुळे दमा बळावतो, आणि त्याबरोबर हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोकाही वाढतो. गरोदरपणात अशी हवा सतत घेतल्यास बाळाचं वजन कमी भरू शकतं. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलं आहे.

या कणांचं वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगते. आपल्या देशातली मर्यादा 40 आहे. म्हणजे हवा सरकारी मर्यादेत असली, तरी ती फुप्फुसांना मानवतेच असं नाही.

हिवाळ्यात त्रास वाढण्याचं कारण सोपं आहे. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो आणि खालचा धूर वर जाऊ शकत नाही. पहाटेची हवा थंड असते म्हणून ती स्वच्छही असेल, असं समजू नका.

घरी हे करा

- दम्याचा रोजचा पंप बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका. पंपाची ‘सवय’ लागत नाही. बंद केल्यावर उसळतो तो आजार असतो.
- हिवाळ्यात फिरायला ऊन पडल्यावर जा. मुख्य रस्ता टाळून टेकडी, बाग किंवा आतली गल्ली निवडा.
- बाहेर निघण्यापूर्वी ‘समीर’ ॲपवर हवेचा निर्देशांक पाहा. तो 200 च्या वर असेल, तर दम्याचे व हृदयाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि ज्येष्ठांनी बाहेरचे श्रम कमी करावेत.
- दुचाकीवर रुमाल बांधल्याने सूक्ष्म कण अडत नाहीत. त्यासाठी चेहऱ्यावर नीट बसणारा एन-95 मास्क लागतो.
- छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, बोलताना वाक्य पूर्ण न होणं यांपैकी काहीही दिसलं, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

शहरासाठी हे मागा

एवढं सगळं केलं, तरी श्वास रस्त्यावरच्याच हवेत घ्यावा लागतो. चौकात उभा राहणारा वाहतूक पोलीस, फळविक्रेती आणि रिक्षाचालक यांच्या दिवसभराच्या श्वासाला हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा काहीच उपयोग नाही. त्यांना रस्त्यावरची वाहनंच कमी व्हायला हवीत. नुसत्या विजेवरच्या मोटारींनीही काम पुरं होत नाही. त्यांतून धूर निघत नाही, पण टायर आणि ब्रेकची झीज हवेत मिसळतच राहते. त्यामुळे भरवशाची बस, मेट्रो, सलग पदपथ आणि सायकलसाठी सुरक्षित जागा हा या आजारावरच्या उपचाराचाच भाग आहे.

असे उपाय आले की विरोध होतो. ‘गाडी कुठे लावायची? धंद्याचं काय? बस वेळेवर कुठे येते?’ हे प्रश्न खरे आहेत आणि प्रशासनाने त्यांची उत्तरं द्यायलाच हवीत. मात्र स्टॉकहोमचा अनुभव लक्षात घ्या. तिथे जानेवारी ते जुलै 2006 या काळात शहरात येणाऱ्या वाहनांवर प्रायोगिक शुल्क लावलं. त्याआधीच जादा बस सुरू केल्या होत्या. सुरुवातीला बहुसंख्य लोक विरोधात होते. प्रयोगात शुल्करेषा ओलांडणारी वाहनं सुमारे एक-पंचमांशाने घटली, आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने शुल्काच्या बाजूने कौल दिला. पुढे लहान मुलांच्या दम्याच्या झटक्यांत घट झाल्याचं संशोधकांना आढळलं. बदल अनुभवल्यावर लोकांचं मत बदललं.

पुण्यात मेट्रो 2022 पासून धावते आहे, पीएमपीच्या ताफ्यात विजेवरच्या बस आहेत, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले आहेत. आपल्या भागात बसची मार्गिका किंवा असा पदपथ होणार असेल, तर पहिल्या आठवड्याच्या गैरसोयीवरून मत ठरवू नका, काही महिने द्या. अंदाजपत्रकासाठी महापालिका नागरिकांकडून कामं सुचवून घेते, तिथे पदपथ आणि बसथांबा सुचवा. शाळेच्या पालकसभेत स्कूलबसचा आग्रह धरा, आणि फाटकाबाहेर थांबताना इंजिन बंद ठेवा.

याचा लाभ तुम्हालाही आहे. बसथांब्यापर्यंत जाताना 15 आणि येताना 15 मिनिटं भरभर चाललात, तर पाच दिवसांत 150 मिनिटं होतात. प्रौढांनी आठवड्याला किमान तेवढा व्यायाम करावा, अशीच शिफारस आहे.

मुलाचा पंप मी लिहून देऊ शकते, पण बसची मार्गिका कोणताही डॉक्टर लिहून देऊ शकत नाही. ती नागरिकांनी मागावी लागते, आणि मिळाल्यावर तिच्या पाठीशी उभं राहावं लागतं. तेवढं जरूर करा.