एका कॅप्सूलमधील दोन औषधे



पावसाळा सरला, की वाशीम जिल्ह्यात किन्हीराजाच्या परिसरात सोयाबीनची सोंगणी सुरू होते. दिवसभर उन्हात वाकून विळा चालवायचा म्हणजे कंबर आणि गुडघे दुखणारच. संध्याकाळी आजी नातवाला सांगते, "बाबू, मेडिकलवरून ते दुखण्याची कॅप्सूल आनजो. त्याच्यातच गॅसचं औषध असते, पोटाले काही होत नाही."

आजीचे पहिले म्हणणे बरोबर आहे. कॅप्सूलमध्ये दोन औषधे असतात. परंतु "काही होत नाही" हे म्हणणे मात्र तपासून पाहिले पाहिजे. चला, ही कॅप्सूल शरीरात काय करते ते पाहू.

वेदना कशी थांबते?

स्नायूला किंवा सांध्याला इजा झाली, की तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. त्यांच्यामुळे तो भाग सुजतो, लाल होतो आणि दुखू लागतो. ही द्रव्ये तयार करण्याचे काम एक विकर, म्हणजे एन्झाइम, करते. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन ही औषधे त्या विकराला अडवितात. ॲस्पिरिनही याच कुळातील. या औषधांचे रहस्य १९७१ साली इंग्लंडमधील जॉन व्हेन यांनी उलगडले. त्यासाठी त्यांना स्वीडनच्या बर्गस्ट्रोम व सॅम्युएल्सन यांच्यासह १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु येथेच एक अडचण आहे. प्रोस्टाग्लँडिने केवळ वेदनाच देत नाहीत, ती शरीराची राखणही करतात. जठराच्या आतील बाजूस बुळबुळीत श्लेष्म्याचा जो थर असतो, तो त्यांच्यामुळेच टिकतो. गोळीने गुडघ्यातील प्रोस्टाग्लँडिने कमी केली, की जठरातीलही कमी होतात. संरक्षक थर पातळ होतो आणि जठरातील आम्ल जठरालाच जाळू लागते. त्यातून व्रण होतो, कधी रक्तस्रावही होतो. हे औषध रक्तातून सर्वत्र पोहोचत असल्याने गोळीऐवजी इंजेक्शन घेतले, तरी हा धोका पूर्णपणे टळत नाही.

जठरातील पंप

म्हणून कॅप्सूलमध्ये दुसरे औषध घालतात. ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल ही त्याची नावे. ओमेप्रॅझोल १९८८ साली प्रथम वापरात आले.

आता थोडे गणित करू. सामू एका अंकाने उतरला, की हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट होते. रक्ताचा सामू सुमारे ७.४ असतो. आम्ल तयार करणाऱ्या पेशींच्या सूक्ष्म नलिकांत तो जवळजवळ १ पर्यंत उतरतो. फरक सहा अंकांहून अधिक, म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहा लाख पटींहून अधिक! विहिरीतले पाणी आपोआप वर चढत नाही, त्याला पंप लागतो आणि पंपाला ऊर्जा लागते. तसेच या पेशींतही प्रथिनांचे सूक्ष्म पंप असतात. ते ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन बाहेर ढकलतात. ओमेप्रॅझोलच्या कुळातील औषधे हे पंप बंद पाडतात. पंप बंद, की आम्ल कमी.

अन्न येऊ लागले, की हे पंप कामाला लागतात, आणि औषध चालू पंपांवरच बसते. म्हणून हे औषध साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास देतात. एकत्रित कॅप्सूल नेमकी केव्हा घ्यायची, ते मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

घरी करून पाहा

आम्ल रोखणारे हे औषध स्वतः आम्लात टिकत नाही! म्हणून त्याच्या कणांवर एक लेप चढविलेला असतो. तो जठरात विरघळत नाही, पुढे लहान आतड्यात विरघळतो. लेपाचा उपयोग कसा होतो, हे औषधाला हात न लावता पाहता येईल. अंड्याच्या कवचाचे दोन तुकडे घ्या. मोठ्या माणसांच्या मदतीने एका तुकड्यावर सर्व बाजूंनी मेणबत्तीचे वितळलेले मेण लावा. दोन्ही तुकडे लिंबाच्या रसात टाका. उघड्या तुकड्यावर बुडबुडे येतील, मेण लावलेला तसाच राहील. मेण आतड्यात विरघळणारे नाही, एवढाच काय तो फरक. यावरून कळेल, की अशी कॅप्सूल चावू नये, फोडून पाण्यात कालवू नये, अखंडच गिळावी.

ढाल कोठपर्यंत?

आता आजीच्या दुसऱ्या म्हणण्याकडे वळू. आम्ल कमी झाले, जळजळ थांबली, म्हणजे धोका टळला काय? नाही. ही ढाल मुख्यतः जठराची आणि त्याला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची आहे. पुढच्या आतड्यात आम्ल नसते, त्यामुळे तेथे तिचा उपयोग होत नाही. मूत्रपिंड आणि हृदय यांना तर ही ढाल मुळीच नाही.

शरीरातील पाणी कमी झाले, की मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या रुंद ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिने करतात. सोंगणीच्या दिवसांत घाम भरपूर जातो आणि पाणी पिणे राहून जाते. अशा वेळी वेदनाशामकाने ही मदतही काढून घेतली, तर मूत्रपिंडाला रक्त कमी पडते. जुलाब-उलट्या चालू असतानाही तेच घडते. पोटात जळजळ होत नसल्यामुळे माणूस मात्र निर्धास्त राहून रोज गोळी घेत राहतो. खरा धोका या निर्धास्तपणात आहे.

मूत्रपिंडावर हे औषध काय करू शकते, याचे दारुण उदाहरण आपल्याच देशात घडले. दुखण्यासाठी गुरांना डायक्लोफेनॅक दिले जाई. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या गुराचे मांस गिधाडे खात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली उघड झाले आणि २००६ साली गुरांसाठी हे औषध बनविण्यास भारतात बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरे. पण मूत्रपिंडाला जपावे लागते, हा धडा दोघांनाही सारखाच.

वेष्टन वाचा

येथे तुमची गरज आहे. आजीला इंग्रजीतील बारीक अक्षरे वाचता येत नाहीत, तुम्हाला येतात. गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते. ते सोडून खालचे औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम आणि मुदतीची तारीख वाचा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत ॲसिक्लोफेनॅक आणि दुकानातून आणलेल्या गोळीत डायक्लोफेनॅक असेल, तर नावे दोन असली तरी कूळ एकच. दोन्ही घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो. काही गोळ्यांत पॅरासिटामॉलही मिसळलेले असते, तेही मोजा. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घ्यावयाचे नाही.

लक्षात ठेवा

१. सांगितले तेवढेच आणि तितकेच दिवस घ्यावे. शेजाऱ्याला लागू पडले म्हणून आपण घेऊ नये.

२. पूर्वी व्रण झालेले, वयस्कर, गरोदर स्त्रिया, तसेच दमा, रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले यांनी ते आधी डॉक्टरांना सांगावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तेही सांगावे. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

३. तापात, विशेषतः डेंग्यूची शंका असताना, ही वेदनाशामके घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

४. डांबरासारखी काळी शौचास, रक्ताची किंवा कॉफीच्या रंगाची उलटी, लघवी कमी होणे, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, छातीत दुखणे, धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर ते औषध थांबवून त्वरित डॉक्टरांकडे जावे. वेळप्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

औषध वाईट नाही. योग्य माणसाला, योग्य मात्रेत, थोडे दिवस दिले तर ते दुखणे हलके करते. आज घरी गेलात, की आजीच्या डब्यातील पाकिटे काढा, मूळ नावे वहीत लिहा आणि एकाच कुळातील दोन औषधे तर नाहीत ना, ते पाहा. आढळली तर स्वतः निर्णय घेऊ नका. ती वही घेऊन आजीबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि उद्या सकाळी ती शेतावर निघेल, तेव्हा पाण्याची बाटली भरून तिच्या हाती द्या.