माहेरी राहिलेलं सिमकार्ड

“ताई, जरा इकडं बघ. हां, आता डोळे मिचकाव. मान थोडी डावीकडं. झालं.”

2022 ची दिवाळी. बार्शीच्या घरी मी भाऊबीजेच्या पुरणपोळ्या लाटत होते. दोन्ही हात पिठानं भरलेले. धाकटा भाऊ माझ्या तोंडासमोर मोबाइल धरून उभा होता. आईसाठी मी दर महिन्याला ज्या जुन्या खात्यात पैसे पाठवायचे, त्या खात्याचं केवायसी संपलंय, आज केलं नाही तर खातं बंद पडेल, असं तो म्हणाला होता. मी बघितलं, डोळे मिचकावले, मान हलवली आणि पोळी तव्यावर टाकली.

जानेवारी 2024 मध्ये मोशीला फ्लॅट बघितला. नवऱ्याच्या आणि माझ्या पगारावर मिळून कर्ज काढायचं ठरलं होतं. बँकेतल्या साहेबांनी कागद बघितले, कॉम्प्युटरवर काहीतरी टाकलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. म्हणाले, “सरांचं ठीक आहे. मॅडमचा सिबिल स्कोअर 548 आहे. चार खाती चालू आहेत, चारही थकीत.” हा आकडा 300 ते 900 च्या मध्ये असतो आणि 750 च्या वर असला की बँका खूश असतात, एवढं मला माहीत होतं. बारा वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते. आयुष्यात एक रुपयाचं कर्ज घेतलेलं नव्हतं.

घरी येताना गाडीवर आम्ही दोघंही गप्प. रात्री जेवणं झाल्यावर नवरा हळू आवाजात म्हणाला, “माहेरी काही अडचण होती का? मला सांगायचं होतंस.” मीच लपवून कर्ज काढलं असं त्याला वाटलं होतं, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. चोरी घरातल्या माणसाने केली की पहिला संशय ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याच्यावरच येतो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे बँकेत आणि पोलिसांतही हाच प्रश्न तुमची वाट बघत असतो.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण अहवाल काढला. आपल्याकडे कर्जांचा असा अहवाल ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चौघींचेही काढा. एकीकडे नसलेलं कर्ज दुसरीकडे सापडू शकतं. अहवालात नुसता स्कोअर बघून थांबू नका. प्रत्येक कर्जाखाली महिन्या-महिन्याचे चौकोन असतात, हप्ता किती दिवस थकला ते त्यात लिहिलेलं असतं. माझ्या चौकोनांत आधी तीन-चार शून्यं होती, मग 31, 61, 91 असं वाढत गेलेलं. शेवटी ‘चौकशी’चा भाग असतो, म्हणजे तुमच्या नावाने कोणी कोणी कर्ज मागितलं ते. माझ्या नावाने अकरा ठिकाणी मागणी झाली होती, त्यातल्या चार ठिकाणी मिळालं. दोन मोबाइल ॲपवरची कर्जं, एक हप्त्यावर घेतलेला मोबाइल, एक क्रेडिट कार्ड. मुद्दल एक लाख बासष्ट हजार, व्याज-दंड धरून दोन लाखांच्या वर.

मग संपर्काचा भाग वाचला. पत्ता बार्शीचा, आणि मोबाइल नंबर वाचताच पोटात गोळा आला. तो माझाच होता. लग्नाआधीचा.

लग्न होऊन पुण्याला येताना ते सिमकार्ड मी आईला ठेवून आले होते. इथे नवीन नंबर घेतला, पण आधारला आणि त्या जुन्या खात्याला जुनाच नंबर जोडलेला राहिला. खात्याचं एटीएम कार्ड आईच्या डब्यात, पॅनकार्ड माहेरच्या नावाचं, ते आणि झेरॉक्स लोखंडी कपाटात कापडदुकानाच्या पिशवीत. पुढे आईला भावाने दुसरा फोन आणून दिला आणि ते सिम त्याच्या फोनमध्ये गेलं. म्हणजे माझं पॅन, माझं आधार, माझं खातं आणि माझा ओटीपी, सगळं एका घरात, एका माणसाच्या हाताशी. उणीव होती ती फक्त माझ्या चेहऱ्याची. पहिल्या कर्जाची तारीख मी कॅलेंडरशी लावून बघितली. भाऊबीजेचा दुसरा दिवस.

वसुलीवाल्यांचे फोनही त्याच नंबरवर जायचे, म्हणून मला वर्षभर पत्ता नव्हता. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या नावाचं एक पाकीट आलं होतं खरं, पण त्यानं घेतलं. म्हणाला, ताईनंच मागवलंय.” ते क्रेडिट कार्ड होतं.

पुढे जे झालं ते अनेकांच्या घरी होत असणार. मोठे काका आले, मामा आले. भाऊ खाली मान घालून बसला होता. शेअर मार्केटच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये पैसे घातले, ते गेले, ते भरून काढायला पुढचं कर्ज. आई एकच वाक्य बोलत राहिली, “त्याचं लग्न व्हायचंय गं अजून.” काका म्हणाले, घरातलं घरात मिटवू, तू सध्या हप्ते सुरू कर, तो तुला महिन्याला देईल. आणि मी, हिशेब लिहिणारी बाई, माहेर तुटू नये म्हणून दोन ॲपच्या कर्जांचे दोन-दोन हप्ते माझ्या आताच्या पगाराच्या खात्यातून भरले.

ही माझी सगळ्यांत महागात पडलेली चूक. भावाने एक पैसाही पाठवला नाही ते वेगळंच. मार्चमध्ये मी त्यातल्या एका ॲपच्या वित्तसंस्थेला कळवलं की हे कर्ज माझं नाही, तेव्हा पलीकडून विचारणा झाली, “मॅडम, तुम्हीच हप्ते भरलेत, मग कर्ज तुमचं नाही कसं?” या प्रश्नाला उत्तर देता देता माझे पुढचे आठ महिने गेले. आपल्या नावावर परकं कर्ज दिसलं की लेखी तक्रार जाईपर्यंत त्यात एक रुपयाही भरू नका. वसुलीवाला ‘अर्ध्यात सेटल करून टाका’ म्हणेल, त्यालाही हो म्हणू नका. तसं केलं की अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो, म्हणजे तुम्ही कर्ज घेतलंत आणि पूर्ण फेडलं नाहीत. पुढे कर्ज द्यायला बसलेला माणूस तो शेरा आधी बघतो.

सगळे म्हणत होते, पोलिसांत गेलीस तर भाऊ कायमचा गेला. मी तीन आठवडे झोपले नाही. शेवटी ज्या विचाराने पाऊल उचललं, तो असा: भावाने काय केलं याचा जबाब भाऊ देईल, पण मी हे कर्ज घेतलेलं नाही एवढं तरी मला माझ्या तोंडाने सांगावंच लागेल. ते सांगायची सरकारमान्य जागा पोलीस ठाणं हीच आहे. तक्रारीच्या कागदाशिवाय कर्ज देणाऱ्या संस्था जागच्या हलत नाहीत, हा माझा अनुभव. आणि मी गप्प राहिले असते तर माझ्या नावावर पाचवं कर्ज निघालं असतं. अकरा ठिकाणी मागणी झाली होती, हे विसरू नका.

ठाण्यात पहिल्या दिवशी मला परत पाठवलं. “घरगुती मामला आहे, बसून मिटवा.” तोंडी बोलून निघून आले असते तर तिथेच संपलं असतं. दुसऱ्या दिवशी दोन प्रतींत अर्ज नेला, एकीवर आवक शिक्का आणि तारीख मारून घेतली. त्याच रात्री राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार भरली. (पैसे नुकतेच गेले असतील, काही तासांपूर्वी, तर आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, बाकी सगळं नंतर.) अर्जासोबत मी जुन्या खात्याचा उतारा जोडला, आणि त्या उताऱ्यानेच मला वाचवलं. कर्जाची रक्कम माझ्या खात्यात जमा झाली होती, म्हणून ‘पैसे तुम्हालाच मिळाले’ असं म्हणायला जागा होती. पण दर वेळी त्याच दिवशी, एकदा तर अकरा मिनिटांत, पूर्ण रक्कम भावाच्या यूपीआयवर गेलेली उताऱ्यात दिसत होती. पहिल्या कर्जाची गेली त्या वेळी मी पुण्याच्या एसटीत होते, तिकीट नवऱ्याने फोनवरून काढलेलं होतं. तेही जोडलं.

गुन्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 (सी) आणि 66 (डी) खाली नोंदला गेला, सोबत भारतीय दंड संहितेतली फसवणुकीची कलमं. 66 (सी) म्हणजे दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरणं. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कायदा यात नातं विचारत नाही. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, त्यात फसवणूक 318 मध्ये आणि तोतयेगिरी 319 मध्ये आहे. अर्जात कलमं लिहिता आली नाहीत तरी अडत नाही. तारखा, रकमा आणि कोणत्या नंबरवर ओटीपी गेला, हे मात्र चुकवू नका.

यानंतर खरी दमछाक. अहवाल ठेवणारी कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, ती कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते आणि संस्था जे कळवेल ते ठेवते. म्हणून तक्रार दोन्हीकडे करायची: अहवालाच्या कंपनीकडे ‘हे खातं माझं नाही’ असा वाद आणि संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एफआयआर, ओळखपत्र आणि प्रतिज्ञापत्र जोडून मेल. निपटाऱ्याला 30 दिवसांची मुदत आहे, आणि एप्रिल 2024 पासून त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायचा नियम झाला आहे. हे एक वाक्य मेलमध्ये घातलं आणि तीन महिने मौनात असलेल्या एका संस्थेचं उत्तर चार दिवसांत आलं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. 2022 पासून सिबिलसारख्या कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

मोबाइलचं कर्ज आणि एका ॲपचं कर्ज पहिल्या दोन महिन्यांत अहवालातून गेलं. क्रेडिट कार्ड लोकपालाकडे गेल्यावर गेलं. दुसऱ्या ॲपचं, ज्याची संस्था हप्त्यांचं कारण सोडायला तयार नव्हती, ते भावाने वकिलासमोर लिहून देऊन स्वतः पूर्ण फेडलं. ते आज माझ्या अहवालात ‘क्लोज्ड’ म्हणून आहे, थकलेल्या चौकोनांसकट. काही वर्षं ते तिथेच राहील.

पैशाच्या मागे धावण्याआधी दारं बंद करा, हेही मला उशिरा सुचलं. पहिलं काम आधारचा मोबाइल नंबर बदलणं, त्यासाठी मी स्वतः केंद्रात गेले. बायोमेट्रिक लॉक केलं म्हणून निर्धास्त राहू नका, ओटीपीचा रस्ता त्याने बंद होत नाही. त्यासाठी आधार क्रमांकच लॉक करायची सोय आहे, मग व्हर्च्युअल आयडीवर काम चालतं. आधारच्या संकेतस्थळावर तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं याचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास दिसतो. सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. माझ्या नावावर तीन निघाली, तिसरं कोणाच्या हातात होतं ते आजही कळलेलं नाही. ते तिथूनच बंद करायला टाकलं. झेरॉक्स देताना त्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला.

आणि लग्न होऊन घराबाहेर पडणाऱ्या मुलींना, त्यांच्या आयांना माझं कळकळीचं सांगणं: निरोपाच्या गडबडीत ती कागदांची पिशवी माहेरी ठेवू नका. आईवर किंवा भावावर अविश्वास दाखवायचा म्हणून हे म्हणत नाही. माझा भाऊ वाईट मुलगा नव्हता. मी पुण्याला आल्यावर आईच्या दवाखान्याच्या सगळ्या चकरा त्यानेच मारल्या. अडचणीत सापडलेल्या माणसाच्या हाताशी दुसऱ्याचं नाव, खातं आणि ओटीपी असू नये, एवढंच. ज्यांच्या घरी हे आधीच घडलंय त्यांनी बैठकीत ‘मिटवा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारावं की हे पैसे तुम्ही लिहून देऊन भरता का. आमच्या बैठकीत सात माणसं होती. मी तेव्हा कोणालाच विचारलं नाही.

खटला चालू आहे. भावाला जामीन मिळाला, आता तो चाकणला एका गोदामात कामाला आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला, मी ओवाळलं, फार बोलणं झालं नाही. फ्लॅटचं कर्ज शेवटी एकट्या नवऱ्याच्या नावावर, कमी रकमेचं झालं, म्हणून मोशीऐवजी चिखलीला लहान घर घेतलं. ते जुनं खातं बंद केलं. आईच्या नावाने बार्शीत नवीन खातं उघडलं, तिच्या पॅनवर, तिच्या नंबरवर, आणि ओटीपी कसा वाचायचा, कोणालाही तो का सांगायचा नाही, हे तिला शिकवायला मी चार दिवस तिथे राहिले. आता पैसे जमा झाले की तिचा फोन येतो.